सुकरी आणि तीन नंबरचा डबा

सुकरी उसेंडी आमच्या संस्थेत कामाला लागली त्या दिवशी देशकर साहेबांनी तिच्या अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं, "टायपिंगपुरती ठीक." तो अर्ज फाइलला मीच लावला. आपल्याला माणसाची पारख आहे, असं साहेब रोज कुणाला ना कुणाला सांगायचे. अठरा वर्षं मी त्यांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर बसलो. त्या अठरा वर्षांत त्यांनी एक माणूस नीट पारखला असेल तर तो मी. हा तोंड उघडत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

मी श्रीहरी बांबोळे, तिथला कार्यालय अधीक्षक. संस्था गडचिरोलीत, भाड्याच्या दुमजली घरात. ज्या गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळतो, त्यांच्या ग्रामसभांना जंगलाचा नकाशा करून देणं हे आमचं काम. परवानगी काढून गावावरून ड्रोन उडवायचा, हजार-बाराशे फोटो काढायचे आणि संगणकाकडून ते एकमेकांना जोडून घ्यायचे. मग त्यावर नाला, टेकडी, देवाची जागा, गावाची शीव दाखवायची. फोटो अर्ध्या दिवसात निघतात. जोडताना मात्र संगणकाचा जीव निघतो. ही साधी गोष्ट संस्थेत एकट्या सुकरीला कळत होती. बाकीच्यांनी कळून घ्यायची तसदी घेतली नाही. त्या बाकीच्यांत मी धरून.

सुकरी एटापल्लीच्या पलीकडच्या गुंडमेट्टा गावची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकली आणि पुढं एका खासगी केंद्रात संगणकाचा कोर्स केला. त्या केंद्रात बारा संगणक होते, चालायचे पाच. बाकीच्या मुली त्या पाचांपुढं रांग लावायच्या. सुकरी बंद पडलेल्या सातांपैकी एकापुढं जाऊन बसायची. शिकवणाऱ्या मास्तरला वाटलं, हिला चालू कोणतं आणि बंद कोणतं हेच कळत नाही. त्यानं वर्गात तसं बोलूनही दाखवलं, आणि वर्ग हसला. महिन्याभरात तिनं एकाचा भाग दुसऱ्याला लावून चार संगणक उभे केले. केंद्र तपासायला पाहुणे आले तेव्हा मास्तरनं ती आपली करामत म्हणून सांगितली. सुकरी मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

"तू काहीच बोलली नाई?" हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"काय बोलाचं जी? त्याले तर स्क्रू कोण्या बाजूनं फिरते तेही माहीत नव्हतं. त्याच्याशी काय भांडाचं?"

तिचं हे असंच होतं. भांडण करायला समोरचा माणूस निदान बरोबरीचा लागतो, आणि तसा माणूस तिला फार क्वचित भेटायचा.

आमच्याकडं ती सहा महिने पत्रं टाइप करत होती. मग नकाशाचा ऑपरेटर नोकरी सोडून पुण्याला गेला आणि त्याचं काम सुकरीच्या अंगावर पडलं. पडलं म्हणजे कुणी दिलं नाही. ग्रामसभेची माणसं येऊन बसली होती आणि यंत्राला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. आठ वर्षं तिनं ते काम केलं. कागदावर हुद्दा शेवटपर्यंत टंकलेखकाचा राहिला. तो बदलण्याची टिप्पणी मी दोनदा तयार केली आणि दोन्ही वेळा साहेबांचा चेहरा पाहून टेबलाच्या खणात ठेवली.

संस्थेत तीन डेस्कटॉप होते. त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. तीन नंबर सुकरीचा. त्याच्या काळ्या डब्याची एक बाजू तिनं काढून ठेवली होती आणि उघड्या बाजूसमोर टेबल फॅन लावला होता. दर शनिवारी ती सायकलच्या पंपानं त्यातली धूळ उडवायची. आतला प्रोसेसर आय-फाइव्ह होता, सहा वर्षांचा जुना. मेमरी तिनं मागून घेऊन सोळा जीबी करवली होती. आलेल्या पाहुण्यांना साहेब तो मुद्दाम दाखवायचे. "हा सुकरीचा डबा. अंगात कपडे नाहीत, पण चालतो." पाहुणे हसायचे. सुकरी मान वर करून पाहुण्यांकडं एकदा पाहायची आणि परत कामाला लागायची. त्या पाहण्यात राग नसायचा. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडं मास्तरनं पाहावं तसं ते पाहणं होतं, आणि हसणारा माणूस दुसऱ्यांदा हसत नसे.

एप्रिल महिन्यात चार लॅपटॉप आले. ते विक्की झाडे यांच्या शिफारशीवरून आले. झाडे नागपूरचे, कार्डावर 'तंत्रज्ञान सल्लागार' असं छापलेलं. कोणत्या तंत्राचं ज्ञान, ते कार्डावर नव्हतं. खोकी उघडायला साहेबांनी सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं. लॅपटॉप दिसायला देखणे होते, बोटभर जाडीचे, चंदेरी. झाडेंनी एक उचलून दोन बोटांवर तोलला आणि त्यावरच्या स्टिकरवर नख ठेवलं.

"आय-सेव्हन. आणि तुमचे डबे काय आहेत? आय-फाइव्ह. पाच आणि सात, आता यात सांगण्यासारखं काही आहे का? शिवाय याच्यात दहा कोर आहेत, म्हणजे दहा मेंदू. तुमच्यात सहा."

साहेबांनी मान डोलावली. साहेबांनी डोलावली म्हणून हॉलनं डोलावली. पाचापेक्षा सात मोठे, हे तिथल्या प्रत्येकाला पहिलीपासून येत होतं आणि त्यापुढं जायची कुणाला गरज वाटली नाही. मीही मान डोलावली.

सुकरी मागं दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, एकच काम दोघायले देऊन पाहू एक डाव. तीन नंबरवर अन् एका लॅपटॉपवर. मंग ठरवा."

झाडे हसले. "मॅडम, बैलगाडी आणि मोटारीची शर्यत लावायची नसते. मोटारीचा अपमान होतो."

हॉल हसला. साहेब म्हणाले, "सुकरी, नवीन गोष्टीला भिऊ नको. शिकशील हळूहळू."

जी बाई आठ वर्षं संस्थेचे सगळे नकाशे एकटीनं करत होती, तिला हे ऐकावं लागलं. आणि सांगणारे कोण, तर ज्यांना मेलला फाइल जोडायला आजही माणूस लागतो ते देशकर साहेब. त्याच आठवड्यात तिन्ही डेस्कटॉप निकामी ठरवल्याची यादी साहेबांनी माझ्यापुढं ठेवली. कारणाच्या रकान्यात 'कालबाह्य' असं लिहिलेलं होतं. मी सही केली. डबे मागच्या गोदामात ताडपत्रीखाली गेले. भंगारवाल्याला निरोप गेला, पण लग्नसराई असल्यामुळं तो काही येईना.

दुपारी सुकरी डबा खायला माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, पण नवीन आहे, आकडा मोठा आहे. चालेल की."

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "श्रीहरीभाऊ, आकडा नावाचा आहे. लॅपटॉपवाला प्रोसेसर अन् डब्यातला प्रोसेसर, दोघायचं नाव सारखं ठेवलं म्हणून दोघं सारखे होत नाई. डब्यातल्याले पासष्ट वॅट भेटते, डोक्यावर मोठा पंखा राहते. या पातळ लॅपटॉपवाल्याले पंधरा वॅट, अन् हवा घ्याले नखाएवढी फट. पाच मिनिट तो लय जोरात पळते. मंग तापते. तापला का आपल्याच हातानं आपला वेग कमी करते, नाई तर जळून जाईन. पत्र टाइप करा, पिक्चर पाहा, तो डब्याच्या पुढंच राहीन. पण आपलं काम पाच मिनिटाचं आहे का? चार घंट्याचं आहे. अन् हा गडचिरोलीचा मे महिना."

"अन् ते दहा कोर?"

"त्यातले दोन मोठे, आठ लहान. दहा माणसं म्हणून सांगाचं अन् आठ लेकरं पाठवाचे. असे मोजले त्यायनं."

मला कळलं, तरी मी तसाच बसून राहिलो. कळून काही न करण्याची मला जुनी सवय होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कोलू हिचामी आले. ते साठीचे, सुकरीच्याच भागातल्या दुसऱ्या एका गावच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. त्यांच्या जंगलाच्या शिवेवर शेजारच्या गावाशी वाद होता. एका नाल्याचा प्रश्न होता. सुनावणीची तारीख लागली होती आणि नकाशा त्याआधी हवा होता. ड्रोनचे फोटो निघाले होते, अकराशे चाळीस. सुकरीनं ते नव्या लॅपटॉपमध्ये घातले आणि दहा वाजता काम सुरू केलं.

पहिली काही मिनिटं पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर पुढं गेली. साहेब मागून जाता जाता म्हणाले, "बघितलं?" पंधराव्या मिनिटाला लॅपटॉपचा पंखा रातकिड्यासारखा ओरडायला लागला. बाहेर सेहेचाळीस डिग्री होते आणि हॉलमधला कूलर गरम वाफ फेकत होता. सुकरीनं एक खिडकी उघडून मला दाखवलं. प्रोसेसरचं तापमान सत्त्याण्णव. वेग सकाळी चार गिगाहर्ट्झच्या वर होता, तो दीडवर आला होता.

कोलूभाऊ बाकावर बसून पट्टी पाहत होते. मराठी ते जपून, एकेक शब्द निवडून बोलायचे. दुपारी तीन वाजता त्यांनी विचारलं, "बाई, आमचं जंगल किती झालं?"

"अठ्ठेचाळीस, कोलूभाऊ."

"म्हणजे अर्धं अजून आतच आहे."

"हो, आतच आहे."

साडेचारला लॅपटॉप आपोआप बंद पडला आणि जे आत होतं ते सगळं गेलं. काय झालं ते सुकरीनं कोलूभाऊंना दोघांच्या माडिया बोलीत सांगितलं. ते उठून बसस्टँडकडं गेले. सांगून गेले, उद्या येतो.

साहेबांनी झाडेंना फोन लावला. झाडे म्हणाले, यंत्राला एसीत ठेवा. संस्थेत एसी एकाच खोलीत होता, साहेबांच्या. दुसऱ्या दिवशी सुकरी लॅपटॉप घेऊन केबिनच्या दाराशी उभी राहिली. साहेब म्हणाले, माझ्या भेटीगाठी असतात, इथं हे पंखे ओरडलेले चालणार नाहीत. ज्या जंगलाच्या नावानं संस्था चालते, त्या जंगलाला केबिनचा एक कोपरा एका दिवसासाठी मिळाला नाही. लोकांच्या हक्कांवर भाषण करताना हेच साहेब डोळ्यांत पाणी आणतात. ते पाणी मी अठरा वर्षं पाहिलं आहे.

ती तशीच माझ्या टेबलाशी आली. "गोदामाची किल्ली द्या."

"यादी झाली आहे, सुकरी. साहेबांची लेखी परवानगी आण, मग देतो."

हसणाऱ्या पाहुण्यांकडं पाहायची तसंच तिनं माझ्याकडं पाहिलं. आठ वर्षांत माझ्या वाट्याला ते पाहणं पहिल्यांदा आलं. "तुम्ही सही करता तेव्हा काय वाचता जी?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असावं असं तिनं विचारलं.

मी किल्ली काढून दिली. यात माझं धैर्य काही नव्हतं. त्या नजरेखाली आणखी मिनिटभर बसणं मला झेपलं नसतं, एवढंच.

तिनं तीन नंबर बाहेर काढला, आतला मोठा पंखा सोडवला, प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा, पण वाळून खडू झालेला लेप खरवडून काढला आणि आपल्या पर्समधल्या छोट्या ट्यूबमधून नवा लावला. तेवढ्यात झाडे आले. त्यांना लॅपटॉपच्या कामगिरीचा अहवाल साहेबांना द्यायचा होता. पुढची खरेदी त्या अहवालावर अवलंबून होती. टेबलावर उघडा डबा पाहून ते म्हणाले, "हे भूत परत आलं?"

सुकरी म्हणाली, "तुमाले अहवाल लिहाचा आहे ना? आयता भेटते. दोघायले सारखेच फोटो देतो, सारखंच सॉफ्टवेअर, मेमरी दोघात सोळाच. तुम्ही बसून पाहा."

साहेब केबिनमधून बाहेर आले होते. झाडेंना नाही म्हणता येईना. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुकरीनं दोन्ही यंत्रांवर एकदम काम सुरू केलं. लॅपटॉप नव्या स्टँडवर होता, खालून हवा मिळावी म्हणून. तो सुकरीनं स्वतःच मागून लावला होता. पुढं कुणी नावं ठेवायला नकोत. कोलूभाऊ येऊन बाकावर बसलेले होते.

पाचव्या मिनिटाला लॅपटॉपच्या पट्टीवर चार टक्के होते आणि डब्याच्या पट्टीवर तीन. झाडेंनी मोबाइल काढून दोन्ही पडद्यांचा फोटो घेतला. "चार आणि तीन," ते साहेबांना म्हणाले. "आणखी काय पाहिजे?" साहेब समाधानानं केबिनमध्ये गेले. झाडे सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकून खाली उतरले आणि चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर जाऊन बसले.

चौदाव्या मिनिटाला दोन्ही पट्ट्या बरोबरीला आल्या. विसाव्या मिनिटाला डबा पुढं गेला. मी घड्याळ पाहून कागदावर आकडे लिहीत होतो. हे काम सुकरीनं मला दिलं होतं. का दिलं ते तिलाच ठाऊक. बहुधा तिथं रिकामा बसलेला तेवढा एकच माणूस होता. साडेबाराला लाइट गेली. डबा यूपीएसवर चालत राहिला. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालला, पण आणखी हळू झाला. सहा मिनिटांनी लाइट आली. टेबल फॅन घरघरत होता आणि डब्यातला प्रोसेसर चारच्या आसपास एकच वेग धरून होता, न चढता, न उतरता.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी डब्याचं काम संपलं. तीन तास चाळीस मिनिटं. लॅपटॉपच्या पट्टीवर तेव्हा छप्पन टक्के होते.

सुकरीनं लॅपटॉपचं काम तसंच चालू ठेवलं आणि जोडलेलं चित्र डब्याच्या पडद्यावर उघडलं. कोलूभाऊ उठून आले. त्यांनी आपलं जंगल वरून कधी पाहिलं नव्हतं. पडद्याला हात न लावता बोट दोन इंच दूर ठेवून ते नाल्यावरून चालत गेले, वळण आलं तिथं थांबले आणि माडियात काहीतरी म्हणाले. सुकरीनं ते मोठं करून दाखवलं. नाला जिथं फुटतो तिथं जुनी कोरडी पडलेली धार आणि आताची वाहती धार, दोन्ही दिसत होत्या. सगळं भांडण त्या दोन धारांचं होतं. दोन्ही गावांतले म्हातारे आपापली धार खरी म्हणून सांगत होते. इथं दोन्ही खऱ्या होत्या.

"शेजारच्यायलेही दाखवा हे," कोलूभाऊ म्हणाले. "त्यायलेही माहीत नाई."

झाडे साडेतीनला परत आले. मी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो पाहिला आणि परत दिला. "अहवाल मी फोटोसकट मघाशीच पाठवला, काका. ठेल्यावरूनच."

अहवाल मी दुसऱ्या दिवशी वाचला. रंगीत होता. दोन खांब काढलेले होते, एक उंच निळा, एक बुटका राखाडी. खाली लिहिलेलं: प्रत्यक्ष चाचणीत नवीन लॅपटॉप ३३ टक्के अधिक वेगवान. चार आणि तीनचं हे गणित बिनचूक होतं. फक्त ते दोनशे वीस मिनिटांच्या कामातल्या पाच मिनिटांचं होतं. साहेबांनी त्यावर लाल पेनानं 'उत्तम' लिहिलं. मी माझा कागद घेऊन आत गेलो. अठरा वर्षांत आपणहून आत जायची ही माझी पहिली वेळ. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे हातानं लिहिलंय," ते म्हणाले.

"हो सर, पण आकडे..."

"श्रीहरी, देणगीदारांपुढं आपण हे ठेवणार का? पेन्सिलीनं लिहिलेलं?" त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि फोन उचलला. मी बाहेर आलो. पुढचं वाक्य मी म्हणायला हवं होतं, पण म्हटलं नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्याचा यात दोष नव्हता. ती वस्तू पिशवीत घालून फिरायला केलेली होती आणि त्या कामाला चांगली होती. मूर्खपणा होता तो तिच्याकडून दुसरं काम मागणाऱ्यांचा, आणि आकडा खोटा पडला तरी खरं न मानणाऱ्यांचा. दुकानात चपला घेताना पाय घालून पाहणारी ही माणसं. इथं त्यांना तेवढंही सुचलं नाही.

सुनावणीला कोलूभाऊ सुकरीनं केलेला नकाशा घेऊन गेले. शेजारच्या गावाची माणसंही तोच नकाशा पाहून आलेली होती. दोन्ही धारांच्या मधली पट्टी दोघांनी मिळून वापरायची, असं ठरलं. कुणी कुणाला हरवलं नाही. पुढं संस्थेच्या वार्षिक सभेत साहेबांनी ही गोष्ट सांगितली. नव्या तंत्रज्ञानामुळं पंधरा वर्षांचा वाद मिटला, असं ते म्हणाले आणि त्यांच्यामागं पडद्यावर चंदेरी लॅपटॉपचा फोटो होता. मग दोन शब्द बोलायला सुकरीला पुढं बोलावलं. तिनं माइक हातात घेतला.

"कोलूभाऊचा नकाशा या लॅपटॉपवर झाला नाई. तीन नंबरवर झाला. तीन घंटे चाळीस मिनिटात. लॅपटॉप तेव्हा छप्पन टक्क्यावर होता."

एवढं बोलून तिनं माइक टेबलावर ठेवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेब हसून म्हणाले, "आमची सुकरी भावुक आहे, जुन्या वस्तूंवर तिचा जीव." सभेला आलेली माणसं हसली. ती पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेली, आणि सोमवारी तिचा राजीनामा माझ्या टेबलावर होता. दोन ओळींचा. कारण लिहिलेलं नव्हतं.

निरोपाला साहेबांनी शाल आणायला सांगितली. सुकरी म्हणाली, शाल नको, भंगारातले ते तीन डबे द्या. साहेबांनी आनंदानं परवानगी दिली. भंगारवाल्याची वाट पाहण्याचं झंझट गेलं. संस्थेजवळ कामाचं म्हणून जे काही होतं, ते असं हसत हसत दाराबाहेर गेलं. माणूस आणि यंत्रं दोन्ही. एटापल्लीच्या बसच्या टपावर डबे बांधताना मी खालून दोरी धरली. बस सुटेपर्यंत तिनं मागं वळून संस्थेच्या दिशेनं पाहिलं नाही.

दीड वर्षानंतर साहेबांनी मला एटापल्लीला पाठवलं. सतरा गावांचे नकाशे अडकले होते. चारपैकी दोन लॅपटॉप बंद होते, उरलेले दोन साहेबांच्या घरी वापरात होते, आणि झाडे फोन उचलत नव्हते. माझ्याजवळ साहेबांचं पत्र होतं. त्यात 'आपल्या कौशल्याचा आम्हांस नेहमीच आदर वाटत आला आहे' असं वाक्य होतं. ते मीच टाइप केलं होतं.

बसस्टँडमागच्या एका खोलीवर पाटी होती, 'नकाशे करून मिळतील.' आत दोन डबे चालू होते. तिसऱ्याचे भाग त्या दोघांत गेले होते. बाजूला एक लॅपटॉपही होता. मला नवल वाटलं.

"हा कशाले घेतला?"

"गावात नेऊन दाखवाले. इथी नकाशा बनवतो, तिथी नेतो, लोकं पाहते. बॅटरी दोन-तीन घंटे पुरते. त्या कामाले बेस आहे." ती म्हणाली. "मी लॅपटॉपले कधी नावं ठेवली होती?"

नव्हती ठेवली. मला ते आत्ता आठवलं.

खोलीत दोन बाया बसल्या होत्या, पलीकडच्या गावाहून आलेल्या. त्यांच्याजवळ वहीत लिहून आणलेल्या जागांच्या खुणा होत्या. सुकरी त्यांना एकेक खूण विचारत होती आणि पडद्यावर टाकत होती. मधेच तिनं माझं पत्र घेतलं, उभ्यानं वाचलं आणि घडी करून मला परत दिलं.

"गावाचं काम गावानं सांगितलं तर करीन. सतराच्या सतरा करीन. त्यायले माझा नंबर माहीत आहे. संस्थेचं काही करणार नाई."

"साहेबांना काय सांगू?"

"काही सांगाची गरज काय आहे?"

ती परत बायांकडं वळली. मी थोडा वेळ बसून राहिलो. तिनं चहा मागवला, माझ्यापुढं ठेवला, प्रवासाचं विचारलं. रागाचा एक शब्द नव्हता. मी राग अपेक्षून आलो होतो, आणि राग आला असता तर बरं वाटलं असतं. तिच्या लेखी आम्ही आता रागावण्याइतकेही उरलो नव्हतो.

त्या बायांपैकी एक खूण सांगताना अडली. मोहाची झाडं कुठून सुरू होतात ते तिला नीट आठवेना. सुकरीनं घाई केली नाही. माडियात तिला पुन्हा घरापासून निघायला लावलं, पायवाटेनं, विहिरीवरून, एकेक वळण विचारत. ती बाई डोळे मिटून चालत गेल्यासारखी सांगत होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि आवाज न करता बाहेर पडलो. गडचिरोलीची बस लागलेली होती.